भिंगारच्या लॅबमधला लिपिड रिपोर्ट आणि ऑनलाइन दिसणारं ‘मानवी एन्झाइम’ : चरबी तोडणारी ही पावडर औषध का नाही?

नगर शहरातून पाथर्डी रोडला लागलं की लगेच भिंगार येतं. १७०७ साली औरंगजेबाची शेवटची छावणी इथेच होती आणि त्याचा मृत्यूही इथेच झाला. पुढे इंग्रजांनी छावणी वसवली आणि आज भिंगार म्हटलं की लष्कराचा कॅम्प डोळ्यासमोर येतो. पण इथली सकाळ मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावासारखीच. रक्त तपासणाऱ्या लॅबबाहेर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. कुणाला शुगर बघायची असते, कुणाला थायरॉइड, तर कुणाला डॉक्टरांनी ‘लिपिड प्रोफाइल’ लिहून दिलेलं असतं.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्टची पीडीएफ येते. ट्रायग्लिसराइडसमोर २४० हा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो. आता हातात मोबाईल आहे म्हटल्यावर सर्च होणारच. ट्रायग्लिसराइड कमी कसं करायचं, घरगुती उपाय, काढा, मेथीचं पाणी असं करत करत माणूस भलत्याच पानावर पोहोचतो. तिथे एका छोट्या बाटलीचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन लायपोप्रोटीन लायपेज’. माहितीत म्हटलेलं असतं की हे मानवी एन्झाइम ट्रायग्लिसराइड तोडतं.

आता साहजिक प्रश्न पडतो. रक्तातली चरबी तोडणारं मानवी एन्झाइम बाटलीत तयार मिळतंय, तर मग आयुष्यभर गोळ्या कशाला खायच्या?

उत्तर त्याच लेबलवर, बारीक अक्षरात असतं. ‘फॉर रिसर्च यूज ओन्ली’, म्हणजे फक्त संशोधनासाठी. पण या चार शब्दांमागे नेमकं काय दडलंय, ते समजलं की लिपिड रिपोर्टही समजतो आणि कोलेस्टेरॉलची गोळी कशी बनली तेही समजतं.

आधी एन्झाइम म्हणजे काय?

एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. शरीरात जेवढ्या म्हणून रासायनिक क्रिया होतात, त्यातल्या बहुतेक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिनं. यांना शरीरातले कारागीर समजा. कुणाचं काम तोडण्याचं, कुणाचं जोडण्याचं. आणि प्रत्येकाला आपलंच काम येतं, दुसऱ्याचं नाही.

जेवणातलं तेल-तूप पचलं की त्यातली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात येते. पण चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीर तिला प्रथिनांच्या वेष्टणात गुंडाळून छोट्या गोळ्यांसारखं फिरवतं. या गोळ्या स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांमध्ये पोहोचल्या की तिथे भिंतीला चिकटून बसलेलं एक एन्झाइम त्यांची वाट बघत असतं. तेच लायपोप्रोटीन लायपेज, थोडक्यात एलपीएल. ते ट्रायग्लिसराइड तोडतं, सुटी झालेली फॅटी ॲसिडं पेशी उचलतात आणि एकतर वापरतात किंवा साठवतात.

हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असेल तर काय होतं? काही मोजक्या लोकांमध्ये तसं असतं. त्यांचं रक्त नळीत काढून ठेवलं की वरचा भाग दुधासारखा पांढरट दिसतो. ट्रायग्लिसराइड हजारांत जातं आणि स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, जी जिवावर बेतू शकते. एका एन्झाइमची किंमत किती, हे यावरून कळतं.

तुमचा रिपोर्ट बनतो तोच एन्झाइममुळे

गंमत म्हणजे भिंगारच्या त्या लॅबमध्ये जो २४० आकडा आला, तोसुद्धा एन्झाइमनेच काढलेला आहे.

लॅबच्या फ्रिजमध्ये ट्रायग्लिसराइडच्या किटची बाटली असते. त्या द्रावणात चार एन्झाइमं असतात. पहिलं लायपेज, ते ट्रायग्लिसराइड तोडून ग्लिसरॉल मोकळं करतं. दुसरं त्या ग्लिसरॉलला फॉस्फेट जोडतं. तिसरं त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. आणि चौथं, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या मदतीने गुलाबी-लालसर रंग बनवतं. रक्तात ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितका रंग गडद. मशीन त्या रंगातून प्रकाश सोडतं, किती प्रकाश अडला ते मोजतं आणि आकडा देतं. कोलेस्टेरॉलच्या किटमध्येही साधारण हीच पद्धत, फक्त सुरुवातीची एन्झाइमं वेगळी.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या किटमधली एन्झाइमं बहुतेक वेळा जिवाणूंची किंवा इतर सूक्ष्मजीवांची असतात, माणसाची नाही. कारण इथे काम फक्त मोजण्याचं आहे. चरबी पूर्ण तुटली पाहिजे, कात्री कुणाची का असेना.

मग मानवी एन्झाइम बनवायची खटपट कशाला? कारण औषध शोधायचं असेल तर कुठलीही कात्री चालत नाही. जे औषध माणसाच्या शरीरातल्या एन्झाइमला जाऊन अडकणार आहे, ते माणसाच्याच एन्झाइमवर तपासावं लागतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची गोष्ट

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टॅटिन. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावं आज घरोघरच्या गोळ्यांच्या डब्यात सापडतात.

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, ते शरीर स्वतःच बनवतं. त्या लांबलचक प्रक्रियेत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम मुख्य नळासारखं असतं. नळ बंद केला की पुढचा पुरवठा कमी होतो. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हा नळ बंद करणारा पदार्थ बुरशीमध्ये शोधायचं ठरवलं. हजारो बुरशींचे अर्क त्यांनी उंदरांच्या यकृतातून काढलेल्या एन्झाइमवर तपासले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून त्यांना कॉम्पॅक्टिन मिळालं. हे जगातलं पहिलं स्टॅटिन.

पुढे मात्र घोळ झाला. परीक्षानळीत चोख काम करणारं हे औषध जिवंत उंदरांना दिलं तेव्हा त्यांचं कोलेस्टेरॉल काही केल्या उतरेना. उंदराचं यकृत औषधाला उत्तर म्हणून तेच एन्झाइम आणखी जास्त बनवत होतं. प्रकल्प गुंडाळायची वेळ आली होती. पण अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर आणि नंतर कुत्र्यांवर प्रयोग केल्यावर कोलेस्टेरॉल घटलं आणि औषध वाचलं. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन बाजारात आलं.

प्राण्यावरून माणसाचा अंदाज बांधणं किती अवघड आहे, हे या किस्स्यातून दिसतं. आणि मानवी एन्झाइम हाताशी असेल तर काय होतं, ते २००१ मध्ये दिसलं. इव्हा इस्तवान आणि योहान डायझेनहोफर या शास्त्रज्ञांनी मानवी एचएमजी-कोए रिडक्टेजचा काम करणारा भाग जिवाणूंमध्ये बनवला, त्याचे स्फटिक तयार केले आणि सहा वेगवेगळी स्टॅटिन त्यात नेमकी कुठे अडकतात ते क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं. कुलपात चावी कशी बसते, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं. ज्या कुलपाचा अभ्यास झाला ते होतं रिकॉम्बिनंट मानवी एन्झाइम.

रिकॉम्बिनंट म्हणजे बनवतात कसं?

पूर्वी एन्झाइम हवं असेल तर ते प्राण्यांच्या अवयवांतून काढावं लागायचं. एलपीएलवरचं बरंच जुनं संशोधन गाईच्या दुधातून काढलेल्या एन्झाइमवर झालं आहे. मानवी एन्झाइम मिळवणं तर त्याहून कठीण. गोशे नावाच्या आजारात पेशींमध्ये एक प्रकारचं स्निग्ध द्रव्य साचत जातं. त्यावरचं पहिलं एन्झाइम औषध १९९१ मध्ये आलं, ते बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून काढलेलं होतं. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो वारा लागायच्या.

रिकॉम्बिनंट तंत्राने हा प्रश्न सुटला. पद्धत साधारण अशी असते.

पहिली पायरी : माणसाच्या डीएनएमध्ये त्या एन्झाइमची कृती लिहिलेली असते, तिला जनुक म्हणतात. त्या जनुकाची प्रत काढतात. एलपीएलचं जनुक आपल्या आठव्या गुणसूत्रावर आहे.

दुसरी पायरी : ही प्रत प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात जोडतात. दोन वेगळ्या ठिकाणचे डीएनए जोडले, म्हणून ‘रिकॉम्बिनंट’. मराठीत पुनर्संयोजित.

तिसरी पायरी : हे कडं जिवाणू, यीस्ट किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये सोडतात. पेशी ती कृती वाचते आणि माणसाचं प्रथिन बनवायला लागते.

चौथी पायरी : पेशींमधल्या हजारो प्रथिनांमधून हवं तेच वेगळं काढतात. त्यासाठी अनेकदा जनुकातच एक छोटी ‘शेपटी’ जोडलेली असते. ती शेपटी निकेल असलेल्या नळीत अडकते, बाकीचं सगळं वाहून जातं.

पाचवी पायरी : मिळालेलं एन्झाइम खरंच काम करतंय का ते तपासतात. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर करणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट. बाटलीवर युनिट लिहिलेलं असतं ते हेच.

ऐकायला सोपं वाटतं, पण एलपीएलसारखी एन्झाइमं फार नाजूक असतात. त्यांना नीट घडी पडावी लागते, वर साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागतात. जिवाणूंना हे काम जमत नाही, म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशी लागतात. बनल्यावरही एलपीएल लवकर विस्कटतं. त्यामुळेच मानवी एलपीएलची त्रिमितीय रचना शास्त्रज्ञांच्या हाती लागायला २०१९ साल उजाडलं, आणि तीसुद्धा त्याला सांभाळून ठेवणारं दुसरं एक प्रथिन सोबत बांधल्यावर.

हे तंत्र आपल्यापासून फार लांबही नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्टने २००३ मध्ये वोसुलिन हे रिकॉम्बिनंट मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. इन्सुलिन हे एन्झाइम नाही, हार्मोन आहे, पण बनवायची पद्धत याच कुळातली. पुण्याची जेनोव्हा कंपनी रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज बनवते, ते मात्र मूळ मानवी एन्झाइमवरून घडवलेलं रिकॉम्बिनंट एन्झाइमच आहे आणि हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला ते इंजेक्शनने दिलं जातं. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवतं.

मग ती ऑनलाइन बाटली घेतली तर?

आता मूळ प्रश्न. टेनेक्टेप्लेज औषध आहे, मग संशोधनाचं एलपीएल का नाही?

एक, ती बाटली माणसासाठी बनवलेलीच नसते. जिवाणूंमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत त्या जिवाणूच्या आवरणाचे तुकडे राहू शकतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. ते थोडं जरी थेट रक्तात गेलं तरी ताप, थंडी आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. औषध बनवताना हे काढून टाकावं लागतं, निर्जंतुक करावं लागतं, प्रत्येक बॅच तपासावी लागते. संशोधनाच्या बाटलीला ती हमी नसते.

दोन, तोंडाने घेतलं तर ते पचून जाईल. एन्झाइम हे प्रथिनच आहे. पोटातलं आम्ल आणि पाचकरस त्याचं तेच करतात जे डाळीतल्या प्रथिनाचं करतात. काही रुग्णांना डॉक्टर स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल देतात हे खरं, पण त्या पोटातल्या आम्लापासून वाचतील अशा बनवलेल्या असतात आणि त्यांचं काम आतड्यातलं जेवण पचवण्यापुरतं असतं. रक्तातलं ट्रायग्लिसराइड त्यांनी उतरत नाही.

तीन, योग्य जागी पोहोचण्याचा प्रश्न. एलपीएल केशवाहिनीच्या भिंतीला धरून बसतं तेव्हाच नीट काम करतं. ज्यांच्यात हे एन्झाइम नसतं त्यांच्यासाठी युरोपात २०१२ मध्ये ग्लायबेरा नावाच्या जनुक उपचाराला मंजुरी मिळाली होती. खर्च सुमारे दहा लाख युरो. घेणारं जवळजवळ कुणी मिळेना, म्हणून २०१७ मध्ये तो बाजारातून गेला. एवढे पैसे आणि एवढं डोकं लावूनही जे टिकलं नाही, ते बाटलीतल्या चिमूटभर पावडरने होणार नाही.

चार, हिशोब. संशोधनाच्या बाटलीत एन्झाइम मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. परीक्षानळीतल्या थेंबभर प्रयोगाला ते पुरतं, पाच लिटर रक्ताला नाही.

मग या एन्झाइमचा सामान्य माणसाला फायदा काय?

फायदा आहे, फक्त तो वळसा घेऊन येतो.

एलपीएलला आपलं काम करू न देणारं एएनजीपीटीएल-३ नावाचं एक प्रथिन शरीरात असतं. संशोधकांनी हा अडथळा ओळखला आणि त्यालाच अडवणारं औषध बनवलं. एव्हिनाकुमॅब नावाच्या या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. जन्मजात अति कोलेस्टेरॉलच्या सगळ्यात गंभीर प्रकारात ते वापरतात. म्हणजे बाहेरून एन्झाइम ओतण्यापेक्षा शरीरातल्या एन्झाइमचे हात मोकळे करणं सोयीचं ठरलं.

दुसरं उदाहरण पीसीएसके-९ चं. हे एन्झाइमच्या कुळातलं प्रथिन, पण रक्तात गेल्यावर काही कापत नाही. ते यकृताच्या पेशींवरच्या एलडीएल पकडणाऱ्या हातांनाच नष्ट करायला लावतं. २००३ मध्ये त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध कळला आणि २०१५ मध्ये त्याला रोखणारी इंजेक्शनं बाजारात आली. अवघ्या १२ वर्षांत.

आणि काही आजारांत मात्र रिकॉम्बिनंट एन्झाइम हेच औषध असतं. गोशेसाठी वारेतून काढलेल्या एन्झाइमची जागा १९९४ मध्ये पेशींमध्ये बनवलेल्या एन्झाइमने घेतली. लायसोसोमल ॲसिड लायपेज नसलेल्या रुग्णांसाठी २०१५ मध्ये एक औषध आलं, ते तर जनुक बदललेल्या कोंबड्यांच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकातून काढतात. पण ही औषधं प्रचंड महाग असतात. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ठरलेली मदत पुढे प्रति रुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. ती ठरावीक केंद्रांमधून मिळते आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक. ज्यांना औषध आयुष्यभर लागतं त्यांना हे ५० लाखही पुरत नाहीत, ही या विषयातली सगळ्यात बोचणारी बाजू.

‘मी तर बारीक आहे, मला कशाला लिपिड टेस्ट?’

हा गैरसमज मोडणारं संशोधन पुण्यातलंच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

पुण्याजवळच्या गावांमधल्या नवजात बाळांवर झालेल्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं. ब्रिटनमधल्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो आणि इथल्या बाळांचं २.७ किलो, पण कमी वजनातही चरबी मात्र तुलनेने राखलेली. वरून बारीक, आतून चरबी, असा हा प्रकार.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात १ लाख १३ हजारांहून जास्त लोकांची पाहणी होती. त्यात ८१.२ टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीच्या आकड्यांपैकी एखादा तरी बिघडलेला होता. यात चांगलं समजलं जाणारं एचडीएल कमी असणारेही आले, म्हणजे सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही. पण आकडा बघून न बघितल्यासारखं करणंही परवडणारं नाही.

मग २४० आलेल्या माणसाने करायचं काय?

ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावं. २०० ते ४९९ म्हणजे जास्त, आणि ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढायला लागतो. दारू, गोड पदार्थ, वाढलेली शुगर आणि सुटलेलं पोट यांनी हा आकडा चढतो. सुस्त थायरॉइडमुळेही चढतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरून न जाता डॉक्टरांना तीन प्रश्न विचारता येतात. टेस्ट पुन्हा उपाशीपोटी करायची का? आकडा वाढण्यामागे शुगर किंवा थायरॉइड आहे का? आणि हृदयविकाराचा एकूण धोका बघता गोळी लागेल का?

आणि गोळी आधीच चालू असेल तर एखाद्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून ती परस्पर बंद करायची नाही. पाय दुखतात, अशक्तपणा वाटतो असं काही असेल तर डॉक्टरांना सांगितलं की डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं.

राहिली ती ऑनलाइन दिसलेली बाटली. ती लागते संशोधकांना, पुढचं औषध शोधायला. भिंगारमधल्या माणसापर्यंत तिचा फायदा पोहोचतो तो मेडिकलमध्ये मिळणाऱ्या, तपासून सिद्ध झालेल्या गोळीच्या रूपात.